खंडेनवमीला धुतलेला लॅपटॉप

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सत्यजीतचा लॅपटॉप गेला. सासूबाईंनी धुतला! म्हणजे खरोखर पाण्याने धुतला.

डेअरीवरच्या कामावरून आले तर अंगणात पूजा मांडलेली. कोयता, विळा, टिकाव, फवारणीचा पंप, आणि शेवटी लॅपटॉप. सताड उघडा, बटणांवर हळद-कुंकू, झेंडूचं फूल, खालून पाणी ठिबकतंय. दरवर्षी तो स्वतः ठेवायचा पूजेत. झाकण बंद करून, वर हळदीचं एक बोट, की लगेच पुसून आत. यंदा तो नाही. आईंना वाटलं, आपणच करावं.

"त्याचं हत्यार हाय ते. धुतल्याबिगर पूजा कशी करायची?"

मी ओरडले. "तुमच्या मुलाचा आवाज होता त्यात, तोही घालवलात!" — असं बोलले. आई तांब्या हातात धरून उभ्याच राहिल्या.

मार्चमधल्या अपघातात तो गेला, त्याचा फोनही चिरडला. फोनमधलं सगळं तो लॅपटॉपात टाकून ठेवायचा, जागा होत नाही म्हणून. माझ्या फोनात त्याचे फोटो आहेत. आवाज नाही. अपेक्षाला झोपताना वाढदिवसाचा तो व्हिडिओ लागतो, ज्यात पप्पा बेसूर गातो. आज रडत झोपली.

३ ऑक्टोबर

तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. सगळे हेच सांगतात! लॅपटॉप तसाच मेलेला. तांदूळ तेवढे पिवळे झाले.

४ ऑक्टोबर

शिरूरला गेले. स्टँडजवळचं मोठं दुकान, काचेचं दार. पोराने लॅपटॉप उलटापालटा केला, "ठेवून जा मॅडम. पासवर्ड लिहून द्या."

पासवर्ड कशाला? तर म्हणे लागतो. आमचे फोटो आहेत त्यात, नवराबायकोचे. कोण कोण बघेल? तरी दिला लिहून. गरजवंताला अक्कल नसते.

आईंशी बोलणं बंद आहे. त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते. या बाईला कुणी "जेवलात का" विचारल्याशिवाय जेवायची सवय नाही. सासरे होते तेव्हा ते विचारायचे, नंतर सत्यजीत. मी नाही विचारणार.

७ ऑक्टोबर

शिरूरच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाईल. तसाही जुना झालाय, नवा घ्या ना!"

नवा घ्या म्हणे! मी लॅपटॉप काखेत मारून तडक बाहेर पडले. घरी येऊन पाहिलं तर खालचे दोन स्क्रू गायब. आत काय काय काढलंय देव जाणे. आता कुणाच्याही हातात द्यायची भीती वाटते.

८ ऑक्टोबर

आईंचं सकाळचं ताट संध्याकाळी तसंच. वरची भाकरी वाळलेली. गाईला घातली.

मुद्दाम करतात. मला रडवायला.

१० ऑक्टोबर

डेअरीवर हौसरावमामा दूध घालायला आले. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "यवतला शाकीर हाय. माज्या नातीचं असलंच मशीन त्यानंच नीट केलं. समोर बसवून उघडतो, पाठीमागं न्हाई."

अपेक्षाने आज विचारलं, पप्पा गाण्यात माझं नाव कसं घ्यायचा? मी म्हणून दाखवलं. "असं नाही," म्हणाली. मग स्वतः म्हणायला गेली आणि अडकली. तिलाही आठवेना. पाच वर्षांचं पोर, किती दिवस धरून ठेवणार?

११ ऑक्टोबर

चौफुल्याला गाडी बदलून यवत. टपरीएवढं दुकान. शाकीरने पासवर्ड मागितला नाही. स्टूल पुढे केलं, म्हणाला, "बसा ताई. बघा मी काय करतो ते."

झाकण काढलं तर आत सगळीकडे हळद. तो हसेल असं वाटलं. हसला नाही. "पूजेत होता व्हय? आमच्या शेजारची काकी मिक्सर पूजती." मग ब्रशने हळद झटकत आतलं एकेक तपासलं. "बोर्ड गेला. त्यो काय आता उठत न्हाई. डिस्कचं बघू. पण खात्री देत न्हाई हां."

डिस्क वाचायची केबल मंगळवारी येणार. मी ठेवून जाऊ का विचारलं. "नगं. घरी न्या. एवढं मोलाचं हाय तर माज्याकडं कशाला ठेवता?"

तिथेच रडू आलं. त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि दुसऱ्याचा मोबाईल उघडत बसला.

१२ ऑक्टोबर

आई वाळल्यात. चोळीच्या बाह्या सैल झाल्यात. दिसलं मला. तरी विचारलं नाही. काय ही माझी अढी!

१४ ऑक्टोबर

वाढदिवसाचा व्हिडिओ गेला. कायमचा.

शाकीरने पडदा माझ्याकडे फिरवला आणि स्वतः पाठ करून बसला. "तुमीच उघडा, ताई. घरचं असतंय." फोटो बरेच आले. व्हिडिओ एकेक उघडून पाहिले. काळा पडदा, काळा पडदा. बेसूर गाणं नाही. एक बारकासा तेवढा सुरू होतोय असं वाटलं, पण दुकानात बघायची हिंमत झाली नाही. सगळं पेनड्राइव्हवर घेतलं.

अपेक्षाला काय सांगू? गाडीत सगळा रस्ताभर तेच डोक्यात.

१५ ऑक्टोबर

डेअरीतल्या कॉम्प्युटरवरून तो बारका व्हिडिओ फोनात घेतला. उद्या घरी, अपेक्षाला जवळ घेऊनच लावीन.

१६ ऑक्टोबर

ओसरीवर दोघी बसलो. मोठ्या आवाजात लावला. काहीच नाही त्यात — अपेक्षा वासराला पाला देतेय, फोन हलतोय. मग फोन घराकडे वळतो आणि तो हाक मारतो, "आई, जेवलीस का गं?"

व्हिडिओ तिथेच संपला. गोठ्यात शेण काढत असलेल्या आई तिकडून ओरडल्या, "न्हाई रे अजून! आलेच!"

मग शेणाची पाटी पडल्याचा आवाज.

मी ताट वाढायला उठले.