शेकाची ऊब

आई,

तुम्ही बनी पार्कच्या बाजारात भाजीला गेलात, म्हणून लिहून ठेवते. हॉस्पिटलमधून रेवाचे कपडे न्यायला घरी आले, तर सांगलीला परतायला भरलेली तुमची बॅग दिसली.

त्या सकाळी वीस दिवसांच्या रेवाचं अंग तापलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "शेकाची ऊब आहे, उतरेल." पण थर्मामीटर माझ्या हातात होता. १०१ बघूनही, ती दूध ओढेना तरी, मी संध्याकाळपर्यंत थांबले. एवढ्याशा बाळाला ताप आला तर लगेच दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. तुमचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण माझा मला जास्त येतो.

मेंदूपर्यंत गेलेला संसर्ग आता आटोक्यात आहे. ती दूध पिते, बोट घट्ट धरते. पण आज तिचे कान तपासले. त्या संसर्गामुळे तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.

संग्रामला लेकीच्या कानांचं अजून सांगितलेलं नाही. चार वाजता लष्कराच्या युनिटमधून त्याचा फोन येईल. त्याआधी हॉस्पिटलमध्ये या, खालच्या मजल्यावरचे भैया रिक्षाने सोडतील. हे मला एकटीला त्याला सांगता येणार नाही.

कादंबरी