सविताचा गुंड

पवनी, गुरुवार, संध्याकाळ

शेजारची सविता लग्नाचा पितळी गुंड, पाणी भरायचा, नाव कोरायला ठेवून गेली. “आबाजी, बाबाचं नाव नोका टाकू. माझं टाका, इंग्रजीत.” सविताचा, असं. म्हणजे नावापुढे स्वल्पविरामासारखी खूण, पण वर टांगलेली, मग एस. मला वाटायचं, एस लावला की वस्तू अनेक होतात. ती म्हणाली, खूण दिली की आपल्या होतात.

जन्मभर भांड्यांवर बाप, सासरे, मामे कोरले. ही खूण मात्र पहिल्यांदाच. खूण चुकली तर पितळेवरून पुसता येते का? पोरीचा गुंड बिघडला तर?

म्हणून सरावाला घरचा जुना पितळी गंज, भाताचं पातेलं, घेतला आणि हिचं, माझ्या बायकोचं, नाव तसंच खुणेसकट कोरलं. उतरत्या उन्हात पितळ असं हलत होतं, जणू मी तळ्याच्या पाण्यावर लिहितो आहे. खूण धानाच्या दाण्याएवढी उमटली.

“काय लिवलं जी?” हिने विचारलं.

“गंज तुझा आहे म्हनून.”

“मंग आतावरी कोनाचा होता?”

मी गंज तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, “सविताचा आताच टाका. हात चालून राहिला.” तिने गुंड मांडीत घट्ट धरला, मी कोरला. खूण बरोबर बसली, ही म्हणते. तिला अक्षर येत नाही. तरी आज तिचंच खरं मानतो.