मुळांवरच्या गाठी

८ जून
शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आज म्हणाले, "बाई, त्या मातीत गवत उगवत नाही, झाडं कुठली?" शाळेमागच्या उतारावर त्यांना डांबर टाकून गाड्या लावायच्या आहेत. आमचा उतार! शाळेत असताना शिरीषाच्या फुलांनी एकमेकींच्या गालांना पावडर लावायचो आम्ही तिथं. मीही हट्टाला पेटले. शेवटी अट ठरली – उतारावरच्याच मातीत शिरीषाची रोपं वाढवायची. निम्म्यांना माझं 'औषध', निम्म्यांना नुसतं पाणी. फरक दिसला तर झाडं, नाही तर डांबर.

९ जून
औषध कसलं! कुंपणाशी एकच शिरीष उरलाय. त्याच्या कोवळ्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन झाडाला भरवतात, झाड त्यांना साखर देतं. सुखाचा संसार. गाठी ठेचून शिळ्या पाण्यात कालवल्या – नळाच्या ताज्या पाण्यातल्या क्लोरीननं बिचारे मरायचे.
लेक फोनवर म्हणाली, "आई, दवाखान्यात जन्मभर जंतू मारलेस, आता पाळतेस?"

१७ जुलै
औषधाची रोपं हिरवीगार, पाण्यावरची पिवळी, मान टाकलेली. जिंकणार मी!
संध्याकाळचं पाणी शाळेच्या कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या सिस्टर घालतात. याच शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. आता हात थरथरतात, पण झारी कुणाला देत नाहीत.

२० ऑगस्ट
काहीतरी चुकतंय. पिवळी रोपंही हिरवी व्हायला लागलीत.

९ सप्टेंबर
अध्यक्ष बघायला आले. दोन्हीकडची रोपं सारखीच टवटवीत.
"म्हणजे तुमच्या औषधानं काही होत नाही."
"पण या मातीत जगली ना सगळी?"
"अट फरकाची होती, बाई."
सोमवारी डांबराचं मशीन येणार.
नुसत्या पाण्याचं एक रोप उपटलं. मुळांवर गाठी! एक चिरून पाहिली, आत गुलाबी – जिवाणू कामाला लागल्याची खूण. अध्यक्षांना दाखवायला गेले, तर ते घड्याळ बघत होते.
सिस्टरना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बादलीत उरलेलं औषध मी त्यांनाच घालत होते. किती केविलवाणी दिसायची गं! वर्गात कधी डावं-उजवं केलं नाही मी, आता करू?"
यांच्यावर रागवायचं तरी कसं? आधी रडू आलं, मग हसू. मरायला टेकलेली रोपं उठून उभी राहिली, याहून मोठा पुरावा कुठला हवाय अध्यक्षांना? मी हरलेली नाही. मुळीच नाही.

१३ सप्टेंबर, रविवार
सगळी रोपं उतारावर लावून टाकली. परवानगी मागितली नाही. मागणारही नाही! जुन्या वर्गमैत्रिणी खुरपी घेऊन आल्या. एकीनं आधीच बजावलं, "मी खाली बसले तर उठवायला क्रेन बोलवा." तरी बसली. नखांत माती, कमरेत कळ – कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

१४ सप्टेंबर
मशीनच्या आधी पोचायचं म्हणून धावतपळत गेले. सिस्टर उतारावर रोपांच्या मधोमध बसलेल्या, मशीन पुढ्यात उभं. अध्यक्ष विनवण्या करत होते. सिस्टर म्हणाल्या, "संस्थेची प्रत्येक आज्ञा मी पाळली. ही नाही पाळणार."
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी त्यांच्या शेजारी बसले.