माणसाची भेसळ

३ सप्टेंबर

अडतीस नंबर वाया! गुहेतून आलेल्या हाडांच्या तुकड्यांत हाच जरा जाडसर होता, म्हणून मोठ्या आशेने मीच ड्रिल केला. अर्ध्याची पूड झाली. आणि आज मशीनने निकाल काय द्यावा — जवळजवळ सगळा डीएनए माणसाचा. गुहेतल्या अस्वलाचा मागमूस नाही. म्हणजे कोणीतरी हातमोजे न घालता हाताळलंय. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्हाला अस्वलं शोधायला घेतलंय, स्वतःला शोधायला नाही. सगळे हसले. मीही हसले. मार्चमध्ये करार संपतो, आणि नवा निघतो तो सरांच्या सहीने.

माणसाचा डीएनए प्रोग्राम आपोआप गाळतो आणि कचऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकतो. तिथे कोणी ढुंकूनही बघत नाही.

५ सप्टेंबर

भेसळ माझी नाही हे दाखवायला नको? आमच्याकडे रुजू होताना प्रत्येकाने गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्यायचा असतो. सगळ्यांचा डीएनए नावाऐवजी क्रमांकाने नोंदवून ठेवतात, म्हणजे नमुन्याला कोणाचा हात लागला ते कळतं. चोर पकडायची सोय. आज कचरा उपसला आणि त्या नोंदींशी ताडून पाहिला.

माझा नाही. सरांचा नाही. बोक्याचाही नाही — बोका म्हणजे मशीन चालवणारा, उबेला डोळे मिटून बसतो म्हणून.

क-चार.

क-चार म्हणजे ताई.

६ सप्टेंबर

काल पुढे लिहवलं नाही.

ताई माझ्या आधी इथेच होती. याच टेबलापाशी. चार वर्षं झाली तिला जाऊन. जाऊन म्हणजे — निघून जाऊन. दुसरा शब्द आई घरात उच्चारू देत नाही. ताईचं म्हणणं होतं की गुहेतली अस्वलं ही वेगळीच शाखा आहे. सरांनी भर बैठकीत तिची फांदी वंशवृक्षातून छाटली, शिष्यवृत्तीही वाढवली नाही. "पुरावा आणल्याशिवाय तोंड दाखवणार नाही," आईला एवढं म्हणाली, पाठीला पिशवी लावली आणि गेली. कुठे, ते सांगितलं नाही. मग फोन बंद. पोलीस म्हणाले, शिकलेली मुलगी आहे, राग उतरला की येईल.

मी हे क्षेत्र धरलं ते तिच्यामुळेच. तिने पाहिलेली फांदी मला दिसते का, एवढं बघायचं होतं.

९ सप्टेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाले, जुनं टेबल, जुनं ड्रिल, राहिलं असेल कुठल्या फटीत. ती डीएनएची नळी फेकून द्या.

पण हाड न घातलेली एक कोरी नळी आम्ही नेहमी सोबत चालवतो. ताई टेबलावर राहिली असती तर त्या नळीतही दिसली असती. कोरी नळी कोरीच आहे. उरलेल्या पुडीतून पुन्हा काढते — दुसऱ्या खोलीत, नव्या सामानाने. बोका म्हणाला, "कशाला नादी लागतेस? गाळलेलं परत उपसू नये." हा एक उंटावरचा शहाणा!

१७ सप्टेंबर

पुन्हा क-चार.

खोलीत मी एकटीच होते. तरी मागे वळून पाहिलं. वेड्यासारखं! तिचा ॲप्रन अजून खुंटीला आहे, माझ्या ॲप्रनखाली. कोणी काढला नाही, मीही नाही. आज त्याच्याकडे पाठ करून बसवेना.

१८ सप्टेंबर

नीट विचार कर बाई, नीट.

हजारो वर्षांच्या डीएनएची टोकं झिजलेली असतात. ही ताजी आहेत. आणि ज्या कपारीतून हे तुकडे आले ती याच उन्हाळ्यात पहिल्यांदा उघडली. तिथून पिशवीत बंद होऊन थेट माझ्या टेबलावर. मग ताईचा हात लागला कधी? याच उन्हाळ्यात! ती तिथे होती — खोदाईवर, हाडं धुणाऱ्या, पिशव्या भरणाऱ्या माणसांत.

ताई जिवंत आहे.

लिहून पाहिलं. पुन्हा लिहिते. ताई जिवंत आहे.

खोदाईच्या प्रमुख बाईंना फोन केला. वर्णन सांगितलं — उंच, डावरी, भुवईवर खोक. रोजंदारीवर खूप माणसं येतात-जातात, विचारून बघते म्हणाल्या. तो तुकडा नेमका कुठून उचलला तेही बघते म्हणाल्या. ते मी विचारलंही नव्हतं.

२० सप्टेंबर

खात्री होईपर्यंत आईजवळ तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या पोटात कधी काही राहिलंय! भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. आई रडली नाही. "मला माहीत होतं. तूच मला वेडी समजत होतीस," म्हणाली. हात पुसले, उठली आणि ताईची गादी गच्चीवर उन्हात टाकली.

२३ सप्टेंबर

आईने चपला आणल्या. ताईच्या मापाच्या. दुकानदाराला म्हणे सांगत बसली, थोरली येतेय. दाराशी ठेवल्यात. कामावरून आले आणि त्या दिसल्या — आत कोणीतरी आलंय असं वाटलं. हाक मारणार होते. जीभ चावली.

बाईंचा फोन नाही.

२६ सप्टेंबर

सरांनी बोलावलं. करार टेबलावर होता. अडतीस नंबर निकालातून काढा, म्हणाले, आणि प्रत्येक नमुन्यात माणसाची भेसळ किती ते एका तक्त्यात टक्क्यांत लावा, म्हणजे हा का गाळला ते वाचणाऱ्याला कळेल. मग म्हणाले — "तिच्याशी मी फार कठोर वागलो. खरंच वागलो." चार वर्षांत पहिल्यांदा! मला तेव्हाच सांगावंसं वाटलं, सर, ती आहे, येईल, तिलाच सांगा. नाही सांगितलं.

२७ सप्टेंबर

तक्ता केला. एक टक्का. दोन. एक. अर्धा. हात लागून एवढीच भेसळ होते. फार गलथानपणा झाला तर दहा.

अडतीस नंबर — सत्त्याण्णव. बाकी माती आणि बुरशी.

हा आकडा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. शिव्या घातल्या आणि पुढे गेले. हात लागून सत्त्याण्णव होत नाही. नव्याने येणाऱ्यांना हे मीच शिकवते.

बाईंचा फोन वाजला. उचलला नाही.

२८ सप्टेंबर

मीच फोन केला. खोदाईवर तशी कोणी बाई नव्हती. तुकडा थरातला नाही. कपारीच्या वर थेट डोंगरमाथ्यावर उघडणारी उभी खोल भेग आहे, तिच्या तळाशी पाण्याने आणलेल्या गाळात सापडला. ओळखू येईना म्हणून अस्वलांच्या पिशवीत टाकला. तिथे अजून आहेत, म्हणाल्या.

ताईचा हात हाडाला लागला नव्हता. हाड ताईचंच आहे.

आईला आज सांगायचंय. दाराशी चपला आहेत.

उरलेला अर्धा तुकडा फ्रीझरमधून काढला. हातमोजे काढले आणि मुठीत धरून बसले. आता त्यात माझीही भेसळ होईल. होऊ दे.