सत्तावीस जणांचे डोळे राहिले आहेत

मी, महिपती रामहरी काळुंगे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पूर्वी कंपौंडर, हल्ली घरीच, राहणार बाळीवेस, सोलापूर, आज शनिवारी सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी राजाबाई शेजारी बसून "शेंगा संपल्यात, ते आदी लिवा," असे म्हणत आहे. त्यास कायद्यात दडपण म्हणत नसावेत.

घाई अशासाठी की, गेल्या सोमवारी डॉक्टरसाहेबांनी माझी नाडी धरली आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. चौतीस वर्षे मी त्यांच्या दवाखान्यात औषधे बांधून दिली. नाडी धरल्यावर ते खिडकीबाहेर केव्हा पाहतात, हे मला त्यांच्याइतकेच माहीत आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पुढचा ओटा व मागची मोरी, पत्नी राजाबाईस हयातभर निर्वेध. तिच्यामागे मुलगी तानाबाई हिस. घर विकू नये, असे मी लिहीत नाही. आपण गेल्यावर जिवंत माणसांच्या संसारात लुडबूड करणे मला पसंत नाही. फक्त पुढच्या खोलीतले काचेचे कपाट जागचे हलवू नये. त्याचा खुलासा कलम ७ मध्ये आहे.

कलम २. पोस्टातली शिल्लक राजाबाईची. तिच्या पाटल्या तिच्याच आहेत. त्या मी तिला देत आहे असे लिहिले तर आज दुपारचे जेवण मिळणार नाही, म्हणून लिहीत नाही.

कलम ३. जावईबापू अकलूजला साखर कारखान्याच्या कचेरीत आहेत. माणूस सज्जन, मुलीला नीट वागवतात, याबद्दल मी ऋणी आहे. परंतु चार वर्षांमागे दिवाळीत त्यांनी माझ्या कपाटापुढे उभे राहून, सहा पाहुण्यांदेखत, "मामा, ह्या बाहुल्यांचं वय राहिलंय का तुमचं?" असे विचारले. त्यांना माझी छत्री द्यावी. ती पावसात उघडत नाही.

कलम ४. रुद्रप्पा संगप्पा हत्तुरे, धंदा घड्याळदुरुस्ती, दुकान दवाखान्याला लागून, यांस माझ्या मिळकतीतून टाचणीसुद्धा मिळू नये. ते सात वर्षे माझ्याशी बोललेले नाहीत. हे कलम मी आठवडाभर मनात घोळवून लिहिले आहे.

कलम ५. रंगांच्या डब्या, तेवीस ब्रश, साचे, कानशी व टर्पेंटाइनची अर्धी बाटली श्रीमंत सिदू वाघमोडे, नोकरी होटगी स्टेशन, यांस. ब्रशांवर त्यांचा हक्क आहेच, कारण बहुतेक ब्रश त्यांच्या चुलत्याच्या शेळ्यांच्या कानांवरच्या केसांचे आहेत. शेळ्यांची संमती घेतली होती की नाही, याची जबाबदारी त्यांची.

अडीच इंच उंचीची, जुन्या काळातली माणसे करून रंगवायची, असा नाद आम्हा तिघांना, म्हणजे मला, रुद्रप्पांना व श्रीमंतांना, होता. तो कसा लागला हे इथेच नोंदवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी पदरचे काही घालून सांगणार नाही. १९५८ साली रुद्रप्पांकडे भिंतीवरचे एक मोठे घड्याळ दुरुस्तीस आले. दर तासाला दार उघडून त्यातून पत्र्याचा शिपाई बाहेर येई आणि सलाम करी. त्याच्या डगल्याचा रंग पार उडाला होता. रुद्रप्पा दवाखान्याच्या खिडकीशी आले.

"कंपौंडर, लाल कायतरी हाय का तुमच्याकडं?"

माझ्याकडे लाल एकच होते, जखमेला लावायचे मर्क्युरोक्रोम. मी कापसाच्या बोळ्याने ते शिपायाला लावले. पत्र्यावर ते थेंबथेंब होऊन बसले आणि वाळल्यावर त्याला हिरवट झाक आली. घड्याळाचे मालक न्यायला आले, तेव्हा नेमके अकरा वाजले आणि शिपाई सलाम करत बाहेर आला. मालक त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ह्याला लागलं कुटं एवढं?" आम्ही दोघे दुकानामागे जाऊन, भिंतीला धरून हसलो. दोन दिवसांनी रुद्रप्पा परत खिडकीशी. "आपला आपन एक शिपाई करू की."

पहिला केला तो पखालजी, फौजेबरोबर कातडी पखालीतून पाणी वाहणारा. त्यासाठी मोडलेल्या हातापायाला घालायचे प्लास्टर वापरले. मुदत संपलेले डबे फेकायचेच असत, ते मी घरी आणी. काही डब्यांची मुदत संपण्याची मी वाट पाहत असे, एवढे मात्र आज कबूल करतो. अंगाच्या रंगासाठी टिंक्चर आयोडीन लावले. काय कांती आली होती! अगदी उन्हात राबलेला गडी. सकाळी पाहतो तर रंग उडून पखालजी पांढराफटक. रुद्रप्पांनी त्याला उलटसुलट करून पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमचा मानूस गेला की हो, कंपौंडर."

पुढे पाट्या रंगवणाऱ्यांकडून तेलरंग आणले, तेव्हा पखालजी पुन्हा जिवंत झाला. त्याचे डोळे मी स्वतः काढले. एक बुबुळ बार्शीकडे, दुसरे अक्कलकोटकडे. रुद्रप्पांनी उजव्या डोळ्याला घड्याळाचे भिंग लावले, माझी बुबुळे पुसली, आणि घड्याळात तेलाचा थेंब सोडायच्या सुईने दोन काळे ठिपके ठेवले. पखालजीने आमच्याकडे पाहिले. मी खरेच सांगतो, मी दचकलो.

त्या दिवसापासून आमचा नियम झाला की ज्याने माणूस केला त्याने त्याचे डोळे उघडायचे नाहीत. डॉक्टर घरच्या माणसाला सुई टोचत नाहीत, तसेच हे. स्वतःच्या माणसापुढे हात कापतो. १९६९ पर्यंत माझ्या सगळ्यांचे डोळे रुद्रप्पांनी उघडले.

श्रीमंतांचा पहिला प्रयत्नही नोंदवतो, कारण ते साक्षीला बसले आहेत आणि आताच हसू लागले आहेत. त्यांना हात आणि पाय जमेनात. म्हणून त्यांनी अकरा लढवय्ये नाकापर्यंत घोंगडीत गुंडाळले. घोंगड्या मात्र अशा की बोटाला टोचतील. मी विचारले, ही फौज लढणार कशी? तर म्हणाले, "थंडी लई हाय. ऊन पडल्यावर लढतील."

कलम ६. मनगटी घड्याळ तानाबाईस. ते १९७१ पासून बंद आहे. रुद्रप्पांकडे मी जाणार नव्हतो, आणि दुसऱ्या घड्याळजीकडे न्यायला पाऊल उचलेना. पाच वर्षे बंद घड्याळ बांधून मी मिलच्या भोंग्यावर दिवस काढले. तानाने ते कोणाकडेही दुरुस्त करून घ्यावे. बापाचा हट्ट पुढे चालवू नये.

कलम ७. काचेचे कपाट व त्यातील फौज राजाबाईस. एकूण माणसे एकशे चार, घोडे नऊ, हत्ती एक (सोंड चिकटवलेली, हात लावू नये). त्यात नावाजलेला एकही पुरुष नाही. सुरुवातीस आम्ही एक नामांकित सरदार करायला घेतला होता, पण त्याच्या मिशांवरून गल्लीत दोन तट पडले. मग ठरवले की ज्यांच्या मिशा कोणी पाहिल्या नाहीत अशांनाच करायचे. म्हणून आमच्याकडे पखालजी, नालबंद, हरकारे, माहूत, भाकरी थापणाऱ्या बाया आणि ओझी वाहणारे बैलवाले आहेत.

यांपैकी सत्तावीस जणांना डोळे नाहीत. ते मी १९६९ नंतर केलेले. कपडे, दागिने, जोड्यांची शिवणसुद्धा पूर्ण आहे. डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे. राजाबाई त्यांना खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवते. म्हणते, "जाता-येता बगवत न्हाय."

कलम ८. आता सात वर्षांपूर्वीचे लिहिले पाहिजे. हे लिहिण्यापूर्वी मी उठून पाणी पिऊन आलो.

१९६९ च्या गणपतीत एका वाचनालयात आमच्या फौजेचे प्रदर्शन भरले. माझा नगारची मधोमध होता. बाहेरगावचे एक पाहुणे त्याच्यापुढे बराच वेळ वाकून उभे राहिले. मग म्हणाले, "डोळे कुणी काढले हो? आत्ता बोलेल असं वाटतं." मी म्हणालो, "मीच."

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. कोणी इतक्या कौतुकाने विचारावे, असे आयुष्यात फार वेळा घडले नव्हते. मागे वळलो, तर रुद्रप्पा चहाचा ट्रे घेऊन उभे. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पाहुण्यांना चहा दिला, मलाही दिला, आणि ते निघून गेले. प्रमाणपत्रही माझ्या एकट्याच्या नावाने आले. ते मी चौकटीत घालून भिंतीला लावले. वर लोकांना सांगत राहिलो की घड्याळजी फार तोऱ्याचा, जरा नाव झाले की सहन होत नाही. दुकान आणि दवाखाना यांच्यामध्ये एक भिंत. पलीकडे घड्याळांचे ठोके पडत, ते मी गोळ्या मोजताना ऐकत असे, पण उठून चार पावले गेलो नाही.

चूक माझी होती. रुद्रप्पांची एका पैशाची नव्हती. मला त्यांची फार आठवण येते.

सबब कलम ४ रद्द समजावे. खोडले असते, पण मृत्युपत्रात खाडाखोड नसावी असे ऐकले आहे.

कलम ९. सत्तावीस जणांचे डोळे रुद्रप्पा संगप्पा हत्तुरे यांनी उघडावेत, अशी माझी शेवटची इच्छा आहे. दुसऱ्या कोणाही कसबी माणसाकडून ते काढून घेऊ नयेत. रुद्रप्पांनी नकार दिल्यास सत्तावीसही जण तसेच राहू द्यावेत. मी असेपर्यंत झाले तर बघून जाईन. ज्याला मृत्युपत्रातून लाभ मिळतो त्याने त्यावर साक्ष करू नये, असे एका वकिलांचे मत पडले. परंतु श्रीमंतांना मिळणारे ब्रश मुळात त्यांच्याच घरच्या शेळ्यांचे आहेत, आणि रुद्रप्पांना मी लाभ देत नसून काम देत आहे. त्यामुळे त्यांची साक्ष चालावी असे माझे मत आहे, आणि मृत्युपत्रही माझेच आहे.

कलम १०. तेराव्याला जिलेबी करावी. प्रमाणपत्र चौकटीतून काढावे. चौकट चांगली आहे, तीत तानाच्या लग्नातला फोटो बसेल.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी ठेवली आहे. रुद्रप्पांच्या पत्नी काशम्मा यांच्याकडे राजाबाई सकाळीच निरोप देऊन आली आहे. मिलचा दुपारचा भोंगा होईपर्यंत वाट पाहीन. ते न आल्यास शेजारचे कोणीही सही करील आणि कायद्याचे काम भागेल. माझे भागणार नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. भोंगा होऊन गेला. श्रीमंत शेजाऱ्यांना बोलवायला उठले आणि दारातच थांबले. रुद्रप्पा ओट्यावर चपला काढत होते. केस सगळे पिकले आहेत. आत आले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मरायलाच बोलवायचं हुतं व्हय कंपौंडर? एरवी वाट ठावं न्हवती?"

मी चटई पुढे सरकवली. राजाबाई म्हणाली, "बसा की भावजी. उभ्यानं भांडू नका."

त्यांनी हे सगळे कागद वाचले. माझ्याकडे खांदा करून, मान तिरकी धरून, सावकाश. कलम ८ दोनदा वाचले. मला वाटले अजून राग आहे, तोंड दाखवायचे नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "सही करा तुमी. मी बगतो. माजं म्हननं मी माज्या सहीखाली लिवीन. तवर कुणी कायबी बोलू नका."

त्याप्रमाणे मी दोघांसमक्ष सही केली.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १३ नोव्हेंबर १९७६
मृत्युपत्र करणार: महिपती रामहरी काळुंगे

साक्षीदार पहिले: श्रीमंत सिदू वाघमोडे, मु. होटगी. महिपतींनी सही माझ्यासमोर केली. घोंगडीचा मजकूर खरा आहे.

साक्षीदार दुसरे: रुद्रप्पा संगप्पा हत्तुरे, घड्याळजी. महिपतींनी सही केली ती मी समोर बसून डाव्या डोळ्यानं पाहिली. उजव्यानं सात वर्षं झाली दिसत नाही. नगारचीचं दुसरं बुबुळ ठेवतानाच ते सगळं धुरकट झालं. कंपौंडर "मीच" म्हणाले, तेव्हा मला राग आला नाही. सुटल्यासारखं झालं. आता परत कुणी डोळे काढायला सांगणार नाही, असं वाटलं. मग तोच राग धरून बसलो. चूक अर्धी माझी लिहावी. गिऱ्हाइकांना यातलं काही कळू नये. कलम नऊ मान्य आहे. डावा डोळा या कामाला नवीन आहे, त्याला शिकवावं लागेल. दिवसाला एकच डोळा होईल, जास्त जमणार नाही. सत्तावीस माणसांचे चोपन्न दिवस होतात. उद्यापासून येतो. तोवर मृत्युपत्र करणाऱ्यानं मरू नये.