घरातल्या बायकांच्या सह्या

बोरमाळ, ता. पाथर्डी
२ ऑगस्ट २०२५

चि. पंकजा हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काल वर्गाला सगळ्यात आधी आली ती चांगुणा. कंबरेला खुरपं तसंच खोचलेलं, हात गवतानं हिरवे. मे महिन्यात तू आम्हा बायकांचा हा इंग्रजीचा वर्ग सुरू केलास तेव्हा हीच दारातनं म्हणली होती, मोळी काय इंग्रजी बोलल्यावर हलकी व्हती का. आता पाचाच्या आधी येऊन जुन्या अंगणवाडीचं कुलूप धरून बसती आणि आम्हाला लेट, लेट करती. मागच्या सीझनला कारखान्याच्या गावी तिची नात तापली, तेव्हा दवाखान्यातला कागद तिनं धा जणांपुढं धरला आणि कुणीच नीट सांगितलं नाही. दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचं, त्याच्या आत औषधाच्या बाटलीवरचं वाचता यायला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. एवढंच म्हणजे काय थोडं झालं.

तू नगरला बी.एड.ला गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, वर्ग मोडला. पण तुझी सविता काकी कशी शिकवती ते येऊन बघ. माझी सून आहे म्हणून सांगत नाही. सुनेचं कौतुक करायची मला सवय नाही, ते तुझ्या आईला विचार. तू पाठवलेला चांगल्या नागरिकाचा धडा तिनं हातात घेतला आणि उपडा ठेवून दिला. म्हणली, आधी सांगा, सकाळी टाकीचा नळ कोण चालू ठेवून गेलं. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं. शेवटी मी हात वर केला, कारण मीच गेले होते. मग तिनं मला म्हणायला लावलं, आय क्लोज द टॅप. अकराही जणींनी ते म्हणलं, आणि वर्ग सुटल्यावर अकराही जणी नळ बंद करायला गेल्या. एवढ्या गर्दीनं नळ बंद झालेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मग प्रत्येकीनं आपापली एक जबाबदारी इंग्रजीत सांगायची होती. माझी, आय साइन माय नेम. आणि बघ, ती लगेच कामाला आली. आज सकाळी पंचायतीचा शिपाई वैजनाथ महिला सभेची वही घेऊन आला, दरवेळी घरोघर येतो तसा. मी चहा ठेवला. तो अंगठ्याची शाई काढायला लागला, मी म्हणले ठेव ती पिशवीत, पेन दे. सगळी लंकाबाई इंग्रजीत काढली. अक्षर डोंगर चढल्यासारखं वर वर गेलं, पण मधे कुठं बसलं नाही. तोवर त्याचा चहा पार गार. घरातल्या बायकांच्या सह्या थोरल्या बाईनं करायच्या ही आपली रीत, आणि सविता मुगाच्या शेंगा तोडायला गेलेली, म्हणून तिचंही नाव मीच काढलं. तेही इंग्रजीतच. वैजनाथ म्हणला, आजी, आता तुमालाच सरपंच करावं लागतंय. पानाची वरची बाजू कोरी असते, ती ते मागनं भरतात.

तुझा आजा म्हणतो, घरात फोन असून ही पत्रं कशाला. मी म्हणले, फोनवर अक्षर सुधारत नाही. हे पत्र लिहायला अख्खा दिवस लागला, तेव्हा वाचायला निदान अर्धा तास लाव. जेवणाचे हाल करू नकोस आणि या म्हातारीला मनातनं उतरवू नकोस.

तुझी आजी,
लंकाबाई


अहिल्यानगर
६ ऑगस्ट २०२५

ती. आजीस पंकजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी अर्धा तास नाही, दोनदा मिळून तासभर वाचलं. खोलीतल्या मुलींनाही वाचून दाखवलं. नळाच्या गोष्टीवर माझी मैत्रीण ज्ञानेश्वरी इतकी हसली की शेजारच्या खोलीतल्या मुली विचारायला आल्या. आमच्या वर्गात नागरिकाची कर्तव्यं फळ्यावर दहा ओळींत लिहून देतात आणि आम्ही ती उतरवून घेतो. काकीसारखं नळापासून सुरू करणं आमच्या सरांनाही सुचलेलं नाही. तिला माझा नमस्कार सांग.

आता एक विचारते, रागावू नकोस. ती महिला सभा झाली कधी? तू गेली होतीस का, काकी गेली होती का? आजी, महिला सभा म्हणजे बायकांनी एकत्र बसून गावाचं बोलायचं आणि ते पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपुढं ठेवायचं. वहीतली सही म्हणजे मी तिथं होते आणि वर लिहिलंय ते मला मान्य आहे, असं होतं. वरची बाजू कोरी होती म्हणतेस, म्हणून जिवाला घोर लागला. त्यात काय लिहिलं गेलं ते वैजनाथकाकांना विचारशील?

तू पाठवलेल्या शेंगांच्या लाडवांचा डबा दोन दिवसांत संपला, त्यातला एकच लाडू माझ्या वाट्याला आला. आजोबांना दंडवत. तुझ्या मायेतला माझा हिस्सा तेवढा कुणाला देऊ नकोस.

तुझी,
पंकजा


बोरमाळ
११ ऑगस्ट २०२५

चि. पंकजा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी त्याचं उत्तर वर्गात येऊन बसलं होतं.

चांगुणाच्या कानावर आलं की पंधरा तारखेनंतर जुन्या अंगणवाडीत खताच्या गोण्या ठेवणार. ती तडक पंचायतीत गेली. सरपंच रंगनाथरावांनी वही पुढं केली आणि म्हणाले, आमी कुठं काय केलं, तुमा बायकांनीच ठराव केला हाय. वर लिहिलं होतं की महिला सभा झाली, वर्गाला आता खोली लागत नाही, ती सरपंचांच्या साडूच्या खतासाठी द्यावी. खाली सह्या आणि अंगठे. आमच्या वर्गातल्या नऊ जणींचे त्यात आहेत. चांगुणा घरी नव्हती, तिच्या सासूनं तिचाही अंगठा देऊन टाकलेला. आणि इंग्रजीत सविताचं नाव. चांगुणानं ते स्वतः वाचलं गं पंके. तीन महिन्यांत शिकलेलं पहिल्यांदा तिथं कामाला आलं.

तिनं वहीचा फोटो काढून आणला आणि सगळ्यांपुढं सविताला विचारलं की बाई, आमाला खरं बोला म्हणून शिकवता आन् तुमीच खोली दिऊन बसलाय व्हय. बाकीच्यांनी अंगठे दिले ते न वाचता, तुमाला तर वाचता येतंय. सविता फोटो बघत राहिली. आमच्या वह्या ती रोज तपासते. डोंगर चढणारं अक्षर कुणाचं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग फोन परत दिला, म्हणली मी चौकशी करते, आणि फळ्याकडं वळून धडा सुरू केला.

मी तिथंच बसले होते. नळासाठी वर गेलेला हात त्या वेळेला मांडीवरनं हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सहाच बायका आल्या. चांगुणा आली, पण उंबऱ्याबाहेर बसून राहिली. घरी सविता मला पहिल्यासारखीच गरम भाकरी वाढते, पाणी तापवून देते. एक शब्द बोलली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. सासूचं नाव गावात जाऊ नये म्हणून ती स्वतःचं घालवत बसली आहे, आणि मी तिच्या हातची भाकरी खाते आहे.

तुला माहीत आहे, तीस वर्षं ऊस तोडला, टोळीत भांडण झालं की निवाडा माझ्याकडं यायचा. मुकादमसुद्धा म्हणायचा, लंकाबाई बोलली म्हणजे मिटलं. आता त्याच बायकांपुढं कसं सांगू की सुनेची खोटी सही मी केली. रीत होती म्हणून केली, हे खरं. पण इंग्रजी येतंय हे दाखवायची हौस होती, हेही खरं. शुक्रवारी ग्रामसभेत तो ठराव वाचतील. तालुक्याहून साहेब लोकही येणार आहेत. तुझा आजा म्हणतो, गप बस, चार दिवसांत लोकं विसरतील. तू काय म्हणतेस? लवकर लिही. तोवर माझ्यावरची तुझी माया कमी झाली तर झाली, मी काही म्हणणार नाही.

तुझी आजी,
लंकाबाई


अहिल्यानगर
१३ ऑगस्ट २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं, लगेच लिहायला बसले. फोन करणार होते, पण फोनवर तू माझ्याकडून हो म्हणवून घेशील आणि मग ते माझं सांगणं होईल, तुझं नाही.

तुला शहाणपण शिकवायचं तोंड मला नाही. मागच्या महिन्यात मी दोनदा तासाला गेले नाही आणि माझी हजेरी ज्ञानेश्वरीनं लावली. आम्ही त्याला प्रॉक्सी म्हणतो आणि हसतो. चांगल्या नागरिकाचा धडा मी त्याच आठवड्यात लिहून काकीला पाठवला. तुझं पत्र वाचून आज सरांकडं गेले आणि ते दोन्ही दिवस गैरहजर करून घेतले. सरांनी चष्म्यावरून बघत दोन्ही खुणा खोडल्या. बाहेर आल्यावर सडकून भूक लागली.

काकीबद्दलच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. तू काय करशील ते करशील. मी तुझीच आहे, हे ठरावाशिवाय मंजूर आहे.

तुझी,
पंकजा


बोरमाळ
१६ ऑगस्ट २०२५

चि. पंकजा हिस कालपेक्षा आज जास्त आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी आलं. ग्रामसभा काल झाली. तेव्हा जे केलं ते तुला न विचारता केलं, हे आधी लिहून ठेवते.

झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. तालुक्याहून विस्तार अधिकारी इंदू मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक सुहास सर आले होते. मॅडम बारीक अंगाच्या, कॉटनची साडी, वही मांडीवर घेऊन बसलेल्या. बायका मागं शाळेच्या भिंतीला टेकून, नेहमीसारख्या. ठराव वाचून झाला तेव्हा रंगनाथराव म्हणाले की वर्गाच्या बाईंचीच सही हाय, मग वाद कशाचा. सगळ्या माना सविताकडं वळल्या. ती उठायला लागली. मला कळलं, आता ही सही माझी म्हणून सांगणार. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

इंग्रजीत म्हणायचं म्हणून चार दिवस मनात घोकलं होतं. उभी राहिले आणि सगळं इंग्रजी पोटातच राहिलं. मग मराठीतच सांगितलं की महिला सभा झालीच नाही. त्या दिवशी मी शेंगदाणे भाजत होते आणि माझी सून मुगात होती. या दोन्ही सह्या माझ्या. तिची मी तिला न विचारता केली, वर काय लिहिणार ते न विचारता केली, आणि आठवडाभर तिला बोल खाऊ दिले. रंगनाथराव म्हणाले, आजी, पंधरा वर्षं असंच चालत आलंय, तुमीच चहा पाजून सह्या दिल्या. मी म्हणले, व्हय, चहा माझाच होता, म्हणून तर चूक बी माझी हाय. तुमची किती ते तुमी सांगा. मागनं कुणीतरी हसलं. ते तुझा आजाच असणार.

मग चांगुणा उठली. म्हणली, माझा अंगठा माझ्या सासूनं दिला, माझा अंगठा माझ्या हाताला हाय, हा बघा. तिच्यामागं एकेक करून सगळ्या उठल्या. वैजनाथ बिचारा वही छातीशी धरून उभा, त्याला घाम फुटलेला. मी मॅडमना सांगितलं की त्याला काही बोलू नका, तो सांगितलं तिथं जातो.

मॅडमनी मला गोड गोड काही म्हणलं नाही, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, आजी, दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे, हे लिहून द्यावं लागेल. मी शाळेच्या पायरीवर बसून अर्धं पान स्वतः लिहिलं, कुणाला मधे बोलू दिलं नाही, आणि खाली एकच सही केली. सुहास सरांनी त्या ठरावावर तिरकी रेघ मारली आणि वही ताब्यात घेतली. खोलीचं काय ते खऱ्या महिला सभेत ठरेल, असं मॅडमनी रंगनाथरावांना सांगितलं. तेही बरं म्हणाले. तसे माणूस वाईट नाहीत, साडूच्या शब्दाखाली दबलेले आहेत.

खोली मिळेलच असं नाही. काही घरांच्या बायकांना खत गावातच मिळालेलं हवं आहे, आणि त्यांचंही खोटं नाही. आता ते तोंडावर बोलावं लागेल. सविता म्हणती, तेच शिकायचं आहे.

येताना ती माझ्या पुढं चालत होती. वाटा फुटतात त्या तिकटीपाशी थांबली आणि म्हणली, आत्याबाई, माझ्या नावाचं अक्षर तुमच्या नावापेक्षा चांगलं काढलं होतं तुमी. एवढंच. मला वाटलं होतं पाया पडावं लागतंय, तर तिनं थट्टा केली. अशी सून देवानं दिली आणि मी तिला बारा वर्षं मीठ जास्त झालं, कमी झालं, हेच सांगत बसले. चांगुणा सकाळीच येऊन दारात उभी होती. माफी मागायला तिला जमत नाही, तिनं सविताला कोथिंबिरीची जुडी दिली आणि वर म्हणली, आज वर्गाला लेट करू नका, बाई.

तू सरांना सांगितलंस ते तुझ्या आजाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकता ऐकता त्यानं पानाला चुना जास्त लावला. तुझा धडा चांगला आहे बाळ. फक्त तो कागदावर लहान दिसतो. अशीच लिहीत राहा, आणि चुकेन तिथं विचारत राहा. यापेक्षा मोठी माया मला नको.

तुझी आजी,
लंकाबाई

ता. क. मॅडम परत कधी येणार ते राहिलं. रंगनाथराव गुरुवार म्हणत होते. मॅडमनी त्यांना थांबवलं, मागं वळल्या आणि आम्हाला विचारलं की तुम्हाला कुठला दिवस सोयीचा. आम्हाला हे कुणी कधी विचारलेलं नाही. मग चांगुणानं सांगितलं, गुरुवारी खुरपणीचा खाडा पडतो, बुधवारी चालंल. सगळ्यांनी माना हलवल्या, मॅडमनी वहीत लिहून घेतलं. त्या आणि सुहास सर बुधवारी, वीस तारखेला, सकाळी अकरा वाजता येणार आहेत.