लाटणं पुठ्ठ्याचं होतं

आप्पा, तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही होतात तेव्हा विचारायची माझी छाती झाली नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही रागवायचा प्रश्नच नाही. जेसल पार्कातल्या आपल्या सोसायटीच्या गणपतीत तुम्ही दरवर्षी ते सोंग करायचात, बायकोचा मार खाणारा नवरा. ते कुठून सुचलं हे मला माहीत आहे. पण ते माईकसमोर उभं राहून, सगळ्यांदेखत करावंसं का वाटलं तुम्हाला?

तळमजल्यावरचे फरसाणवाले काका आईचीच साडी नेसून तुमची बायको व्हायचे. हातात पुठ्ठ्याचं लाटणं. ते नुसतं टेकलं तरी तुम्ही 'अयाई गं, मेलो मेलो' करत अख्खं स्टेज डोक्यावर घ्यायचात, आणि मग लोकांकडे वळून हात जोडायचात: "मंडळी, घाबरू नका! हा फक्त नाश्ता झाला, जेवण अजून बाकी आहे!" गुजराती, मारवाडी, आपली माणसं, सगळे पोट धरून हसायचे. आई पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुसत हसायची. ती कशाला हसायची हो? घरी उलथनं खरं असायचं, कधी कधी तापलेलं, आणि तुमच्या तोंडून हूं का चूं नाही. मी तुमच्या पाठीला खोबरेल लावतेय आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून मलाच विचारताय, "अभ्यास झाला का गं?" आता वाटतं, तुम्ही दरवर्षी तक्रारच करत होतात की काय? तीही भर मंडपात. आणि आम्ही तुम्हाला पहिलं बक्षीस देत होतो.

हे आत्ता उकरून काढायचं कारण तुमचा लेक. बेव्हर्ली पार्कात फ्लॅट घेतलाय त्याने, छान आहे. परवा माझ्याकडे आला तो हाताला फडकं गुंडाळून. म्हणे, बाईकच्या सायलेन्सरला भाजलं. मी म्हटलं, "दंडावर? सायलेन्सर काय खांद्यावर घेऊन फिरतोस?" मग बोलला. बायकोने उकळता चहा फेकला होता, आणि हे पहिल्यांदा नव्हतं. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता चौकीत चल. तर म्हणाला, "ताई, हसतील गं सगळे. आणि तिने उलटी केस टाकली तर? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पोरगी जाईल माझ्या हातची." तेवढ्यासाठी गप्प बसला होता तो. तुम्हीही आमच्यासाठीच गप्प बसलात का? खरंच विचारतेय, टोमणा नाही मारत.

शेवटी नेलाच त्याला. तिथल्या हवालदाराने ऐकलं आणि म्हणाला, "मिसेस मारते? अहो, मग आम्ही सगळ्यांनीच लाईन लावायला पाहिजे इथे!" शेजारचे दोघे खो खो हसले. आणि आप्पा, तुमच्या लेकाने काय करावं? हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, घाबरू नका, हा फक्त नाश्ता झाला!" तुमचाच सूर, तुमचीच मान वाकडी. चौकीत नुसता धुमाकूळ हशाचा. मी त्याचं फडकं सोडलं, दंड टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हा हसवतोय ते सोडा, साहेब. आमचे वडीलही असेच हसवायचे. त्यांच्या पाठीवरच्या चटक्यांना मी या हातांनी खोबरेल लावलंय." जन्मात पहिल्यांदा बोलले मी हे, तेही परक्यांसमोर. हवालदाराचं हसू थांबलं. दंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बायकांसाठी वेगळा कायदा आहे, तसा नवऱ्यासाठी नाही. पण मारहाण ती मारहाणच. बसा, पहिल्यापासून सांगा." तर याला सांगताच येईना! विनोद काढून घेतल्यावर तोंडात शब्दच उरला नव्हता. शेवटी म्हणाला, "चहा गरम होता." तिथून सुरू झालं. पुढे काय होईल, पोरीचं काय होईल, देव जाणे. पण लिहून घेतलं, आणि त्याने सही केली.

येताना तो माझ्याकडेच आला. आई हल्ली माझ्याकडे असते. तिला बरंच आठवत नाही, की आठवत नाही असं दाखवते, तेही मला नक्की कळलेलं नाही. त्याचा दंड बघून तिने विचारलं, "कोणी रे मारलं?" तो माझ्याकडे बघायला लागला, म्हणून मीच सांगितलं, त्याच्या बायकोने, आणि आम्ही चौकीतूनच येतोय. आई केवढी खवळली! "नवऱ्यावर हात टाकते? लाज नाही वाटत मेलीला? बरं केलंत पोलिसांत गेलात ते." आणि त्याच्या दंडावर हळूच फुंकर घालायला लागली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तिच्या हाती लागण्याआधी फाडून टाकेन. पण तुम्हाला म्हणून सांगते. 'आणि तू गं, आई?' अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. चौकीत अख्ख्या टेबलाला गप्प करून आलेली मी. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि आप्पा, मी हसले.